लांब पल्ल्याच्या नेमबाजीसाठी जुनी लष्करी सेमी-ऑटो रायफल : कोणती घ्यावी?

एरीकाठचा

नमस्कार मंडळी,

क्लीव्हलंडच्या बाजूला राहतो. कॉलेजात एनसीसीत पॉइंट टू-टूने पाच गोळ्या झाडल्या होत्या, त्या जळक्या वासासकट अजून आठवतात. त्यानंतर बारा-तेरा वर्षं काहीच नाही. गेली दोन वर्षं मात्र इथल्या क्लबात दर शनिवारी न चुकता जातो.

मागच्या उन्हाळ्यात कॅम्प पेरीला राष्ट्रीय सामने बघायला गेलो होतो. एरी सरोवराच्या काठावर १९०७ पासून हे सामने भरतात. तिथे सत्तरी ओलांडलेले आजोबा स्वतःच्याच वयाची लाकडी दस्त्याची रायफल घेऊन पोटावर पडले होते आणि दुर्बिणीशिवाय लक्ष्य टिपत होते. तेव्हापासून डोक्यात हेच चाललंय.

मला अशीच एक रायफल घ्यायची आहे. खरी, सैन्यात वापरलेली, सेमी-ऑटो (एकदा चाप ओढला की एक गोळी, पुढची आपोआप भरते). वर दुर्बीण लावायची नाही. आधी २०० यार्ड, हात बसला की ६००. सगळं मिळून १५०० डॉलरच्या आत बसवायचं आहे. मनात एम-१ गरँड, रशियन एसव्हीटी-४०, बेल्जियन एफएन-४९, स्वीडिश युंगमन आणि फ्रेंच मास ४९/५६ आहेत. ज्यांनी यातली एखादी प्रत्यक्ष वापरली आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

शिवडीचा_शिलेदार

वाचतोय. विषय पूर्ण नवीन आहे माझ्यासाठी.

टेक्सासी_मिरची

अकरा वर्षं सर्व्हिस रायफलचे, म्हणजे लष्करी धाटणीच्या रायफलींचे, सामने खेळतेय, त्यातली पहिली पाच गरँडवर काढली. म्हणून जरा लांब लिहिते.

रायफलीचं नाव ठरवण्याआधी नळी बघायला शिका. गरँड मागच्या बाजूने साफ करता येत नाही, सळई तोंडातूनच घालावी लागते. सैनिकांनी वर्षानुवर्षं लोखंडी सळया तोंडातून घासल्या, त्यामुळे नळीतले आटे (गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा) सगळ्यात आधी तोंडाशी झिजतात. दुसरी झीज चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेच्या, पुढे, गोळी आट्यांत शिरते तिथे, गरम वायूने होते. दोन्ही मोजायला वेगवेगळे गेज मिळतात. बाहेरून लखलखीत पॉलिश केलेला दस्ता आणि आत झिजलेली नळी, अशा रायफली प्रदर्शनांत शेकड्याने असतात. विकणारा गेज लावू देत नसेल तर पुढे चला.

आता लांब पल्ल्याचा हिशोब. गरँडच्या मागच्या साइटला (नेम धरायचं भोक) दोन गुंड्या आहेत, एक उंचीची आणि एक वाऱ्याची. एका क्लिकला कोनाचं एक मिनिट, म्हणजे १०० यार्डांवर साधारण एक इंच आणि ६०० यार्डांवर सहा. वारा बदलला की टक् टक् दोन क्लिक फिरवायचे आणि पुन्हा मध्यावरच नेम धरायचा. युद्धात वापरलेल्या रायफलीत ही सोय मिळणं फार मोठी गोष्ट आहे. एसव्हीटीला मागे सरकपट्टी आहे, तिच्यावर १०० मीटरच्या पायऱ्या आहेत आणि आडव्या दिशेला माशी (नळीच्या टोकावरची पुढची साइट) ठोकून सरकवावी लागते. सामना चालू असताना हे करणार कसं?

आणि अपेक्षा खऱ्या ठेवा. जशीच्या तशी लष्करी गरँड चांगल्या गोळ्यांवर तीन-चार मिनिटांचा ग्रुप देते, म्हणजे गोळ्या तेवढ्या घेरात पडतात. ६०० यार्डांवर हे दीड ते दोन फूट होतं. तिथल्या लक्ष्याचं दहाचं वर्तुळ एक फुटाचं आणि काळा भाग तीन फुटांचा. म्हणजे तुमचं सगळं बरोबर असेल तर प्रत्येक गोळी काळ्यात बसेल, पण प्रत्येक गोळी दहात बसणार नाही. ज्यांना दहाच हवेत ते आज एआर-१५ ही आधुनिक रायफल घेतात, २०१६ पासून तिच्यावर साडेचार पटीपर्यंतची दुर्बीणही चालते.

माझं मत : गरँड. तिचे सुटे भाग, क्लिपा (आठ गोळ्या एकत्र धरणाऱ्या पट्ट्या), गोळ्या, सामने आणि दुरुस्ती करणारी माणसं, हे सगळं एका ठिकाणी तिच्यासाठीच मिळतं.

उत्तरध्रुव

मिरचीताईंचं मत आदराने वाचलं, तरी युंगमनची बाजू कुणीतरी मांडायलाच हवी. मी गोथेनबर्गला असतो, क्लबातल्या एका वयस्क सभासदाच्या युंगमनवर बऱ्याच गोळ्या झाडल्या आहेत.

६.५ × ५५ हे काडतूसच असं आहे की खांद्याला धक्का कमी आणि लांब, बारीक गोळी वारा छान कापते. गरँडच्या .३०-०६ काडतुसाने चाळीस गोळ्यांनंतर खांदा बोलायला लागतो, इथे साठ झाल्या तरी शेवटची गोळी पहिलीसारखीच सुटते. लांब पल्ल्यात हा फरक खूप मोठा आहे. १९४२ ची रचना. यात पिस्टन नाही, नळीतला वायू सरळ बोल्टच्या (चेंबर बंद करणाऱ्या भागाच्या) वाहकावर येतो, त्यामुळे पुढे हलणारं वजन कमी.

वाईटही सांगतो. वायू कमी-जास्त करायची सोय नाही, त्यामुळे रिकामी काडतुसं लांब भिरकावते आणि भरलेली गोळी तिच्या पसंतीचीच लागते. बोल्टवरचं झाकण हाताने पुढे सरकवून मागे आणायचं असतं, न शिकता हात लावलात तर बोटं चेमटतात. आणि एकूण बनल्या जेमतेम ३०,०००.

इतिहासवेडा

@उत्तरध्रुव, ३०,००० विरुद्ध सुमारे ५४ लाख! सुटा भाग मोडला की या आकड्यांचा अर्थ कळतो.

आता मूळ माणसाबद्दल थोडं. जॉन गरँड १८८८ साली कॅनडातल्या क्वेबेकमध्ये जन्मले, लहानपणीच कुटुंबासोबत अमेरिकेत आले आणि मॅसॅच्युसेट्समधल्या सरकारी स्प्रिंगफील्ड कारखान्यात त्यांनी हयात घालवली. त्यांची सुरुवातीची रायफल लहान, .२७६ च्या काडतुसाची होती आणि क्लिपमध्ये दहा गोळ्या बसत. १९३२ मध्ये सेनाप्रमुख मॅकआर्थर यांनी जुनं .३० चंच काडतूस ठेवायचा आग्रह धरला, कारण गोदामं त्याच गोळ्यांनी भरलेली होती. काडतूस मोठं झालं आणि दहाच्या आठ झाल्या. १९३६ साली सैन्याने ती स्वीकारली. गरँड यांनी पेटंटचे हक्क सरकारला देऊन टाकले होते. पुढे त्यांना एक लाख डॉलर द्यावेत असा ठराव अमेरिकन संसदेत आला, तो मंजूर झाला नाही. चोपन्न लाख रायफली आणि माणसाला फक्त पगार. मला हे वाचून दर वेळी वाईट वाटतं.

आणि आडनावाचा उच्चार ‘गॅरंड’ असा आहे, पहिल्या अक्षरावर जोर. ‘गरँड’ आपल्याकडे रूढ झालंय.

एरीकाठचा

इतिहासवेडा, धन्यवाद. क्लबातले लोकसुद्धा दोन्ही उच्चार करतात, मी धाग्यात गरँडच ठेवतो म्हणजे शोधणाऱ्याला सापडेल.

गडहिंग्लजकर

बाळांनो, मी मराठा लाइट इन्फंट्रीत चोवीस वर्षं काढली. बेळगावला रंगरूट होतो तेव्हा हातात आली ती एसएलआर, ईशापूर कारखान्याची. ७.६२ ची, वीस गोळ्यांचं मॅगझिन. तुम्ही वर एफएन-४९ चं नाव घेतलंय, तिचा आणि आमच्या एसएलआरच्या मूळ बेल्जियन रायफलीचा कर्ता एकच, सेव्ह नावाचा इंजिनिअर. म्हणजे ती आमच्या रायफलीची थोरली बहीणच.

चांदमारीला पहाटे निघायचं. उस्ताद एकच वाक्य बोलायचे, मजबूत पकड, दुरुस्त शिस्त, सही ट्रिगर ऑपरेशन. नवीन पोरांसाठी सांगतो, इथे शिस्त म्हणजे नेम धरणं. माशीचं टोक, मागचं भोक आणि लक्ष्य एका रेषेत, आणि नजर माशीवर. लक्ष्य थोडं धूसर दिसलं पाहिजे. ज्याला लक्ष्य स्वच्छ दिसतं त्याची माशी धूसर असते आणि त्याची गोळी कुठेही जाते. मग लक्ष्याजवळच्या बट पार्टीचा झेंडा हलायचा, वॉशआऊट, म्हणजे गोळी लक्ष्याला लागलीच नाही! तो झेंडा बघून पोटात जे व्हायचं ते दुसऱ्या कशाने होत नाही.

मला विचाराल तर कुठलीही घ्या. पण पहिले सहा महिने रिकाम्या रायफलीवर, घरात, भिंतीवर ठिपका काढून चाप ओढायचा सराव करा. माशी हलता कामा नये.

टेक्सासी_मिरची

काका, नजर माशीवर ठेवायचं हे वाक्य मी छापून क्लबात लावणार आहे. माझ्या पहिल्या प्रशिक्षकाने मला हेच सांगायला दोन महिने घेतले.

पुण्याचा_पंतोजी

बालेवाडीला मुलांना दहा मीटर एअर रायफल शिकवतो. काकांच्या प्रतिसादाशी शंभर टक्के सहमत. मागे भोक, पुढे माशी आणि त्यात लक्ष्य, हे तत्त्व ऑलिंपिकमध्येही तेच आहे, फक्त तिथे माशीच्या जागी वर्तुळ असतं. आपल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनला ४५१.४ गुण करून कांस्य आणलं, ते दुर्बिणीशिवायच. त्यामुळे दुर्बीण न लावता शिकायचा धागाकर्त्याचा निर्णय मला फार आवडला.

इथल्या वाचकांसाठी एक खुलासा. हे वाचून कुणी जुनी एसएलआर किंवा .३०३ शोधायला लागू नका. १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली हे लष्करी बोअर (नळीची मापं) प्रतिबंधित आहेत. भारतात नेमबाजीची वाट जिल्हा रायफल असोसिएशन, एअर रायफल आणि मग पॉइंट टू-टू, अशीच जाते. आणि ती फार सुंदर वाट आहे.

मिसिसॉगाची_माई

मला एक वेगळं बोलायचं आहे. माझ्या मुलाच्या शाळेत वर्षातून दोनदा मुलांना दिवे बंद करून भिंतीला चिकटून बसायचा सराव करायला लावतात. सात वर्षांचा मुलगा घरी येऊन विचारतो, आई, तेव्हा शिंक आली तर? अशा वेळी ‘कोणती सेमी-ऑटो रायफल घ्यावी’ हा धागा वर दिसला की छातीत धस्स होतं. तुमचा हेतू शुद्ध आहे हे कळतं. तरी घरात मुलं आहेत का, ती कुठे ठेवणार, हे कुणीच विचारलं नाही.

एरीकाठचा

माई, विचारलंत हे बरं केलंत. मला पाच वर्षांची मुलगी आहे. रायफल घ्यायच्या आधी तिजोरी घेतली, भिंतीला आणि जमिनीला बोल्टने आवळलेली, तळघरात. गोळ्या वेगळ्या कुलपात. दोन्ही किल्ल्या माझ्या आणि बायकोच्या अंगावरच असतात. बायकोची अट होती की तिला स्वतःला रायफल रिकामी आहे का हे तपासता आलं पाहिजे, म्हणून तीही क्लबात चार शनिवार येऊन शिकली. काकांनी सांगितलेला सराव फक्त मुलगी शाळेत असताना आणि गोळ्या दुसऱ्या मजल्यावर असतानाच.

मिसिसॉगाची_माई

तुमच्या बायकोला माझा नमस्कार सांगा. माझी काळजी पूर्ण जाणार नाही, पण उत्तर मिळालं.

डॅलसचा_नवा

मी एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहे. मलाही क्लबात जाऊन शिकायचं आहे. मला घेता येईल का?

टेक्सासी_मिरची

@डॅलसचा_नवा, थांबा आणि नीट वाचा. तुमच्यासारख्या बिगर-इमिग्रंट व्हिसावर असलेल्याला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने बंदूक आणि गोळ्या बाळगायला मनाई आहे, वैध शिकार परवान्यासारखे मोजके अपवाद सोडून. मित्राची रायफल रेंजवर हातात धरणंही यात येऊ शकतं. एका संध्याकाळच्या हौसेपायी व्हिसा जाऊ देऊ नका, आधी वकिलाला विचारा. तोवर चांगली एअर रायफल घेऊन पंतोजींच्या मुलांसारखं शिका, केंद्रीय कायदा तिला बंदूक मानत नाही. ग्रीन कार्डवाल्यांना दुकानातून घेता येते, राज्याचे नियम वेगळे बघावे लागतात. पण सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्राम, म्हणजे सीएमपी, जे सैन्याच्या जुन्या गरँड विकतात, त्यांना नागरिकत्व लागतं.

डॅलसचा_नवा

बाप रे, हे माहीतच नव्हतं. मनापासून आभार.

फ्रेंच_कनेक्शन

मास ४९/५६ बद्दल माझा अनुभव, म्हणजे कुणी फसू नये. मूळ रायफल अप्रतिम आहे. आखूड, हलकी, साधी, उघडायला दोन मिनिटं. पण तिचं ७.५ × ५४ काडतूस मिळायला त्रास, म्हणून अमेरिकेतल्या एका आयातदाराने खूपशा रायफली .३०८ मध्ये बदलून विकल्या. मला मिळाली ती त्यातलीच. दर तिसऱ्या गोळीला अडकायची. बंदूक दुरुस्त करणाऱ्याने चेंबर बघून मान हलवली. वर तिची फायरिंग पिन मोकळी हलते आणि बोल्ट जोरात बंद होतो, त्यामुळे मऊ प्रायमरच्या (काडतुसाच्या बुडातली ठिणगी देणारी टोपी) गोळ्यांनी चाप न ओढता बार उडायची भीती. मी शेवटी सगळं सांगून, कमी किमतीत विकली. घ्यायचीच तर मूळ ७.५ चीच घ्या.

टेक्सासी_मिरची

मोकळ्या पिनचं गरँडलाही लागू आहे. चेंबरमध्ये सुटी गोळी हाताने टाकून बोल्ट सोडू नका. एकेक गोळी भरायची तर त्यासाठी क्लिपच्या जागी बसणारा साचा मिळतो, तो वापरा.

खारघरचा_खवय्या

आठवी गोळी झाडली की गरँड ‘पिंग’ करून क्लिप बाहेर फेकते ना? आमच्या आईच्या कुकरची तिसरी शिट्टी झाली की सगळे ताट घेऊन बसतात, तसं वाटलं ऐकून.

इतिहासवेडा

हो, आणि त्या आवाजाने शत्रूला सुगावा लागायचा ही गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. दहा-वीस रायफली एकत्र चालू असताना तो आवाज पलीकडच्या खंदकात ऐकू जाईल, हे मला पटत नाही.

एरीकाठचा

गोळ्यांबद्दल विचारायचं राहिलं. दुकानात शिकारीच्या .३०-०६ स्वस्तात मिळतात. चालतील?

टेक्सासी_मिरची

नका वापरू. गरँडचं वायूचं भोक नळीच्या तोंडाजवळ आहे. शिकारीच्या जड गोळ्या आणि सावकाश जळणारी दारू यामुळे गोळी त्या भोकापर्यंत पोचते तेव्हाही दाब जास्त असतो आणि बोल्ट मागे ढकलणारा लांब ऑपरेटिंग रॉड वाकतो. मूळ लष्करी एम-२ गोळी साधारण १५० ग्रेन वजनाची. त्याच मापाची, गरँडसाठी म्हणून विकली जाणारी घ्या.

जुनी लष्करी काडतुसं घेतलीत तर सन बघा. दुसऱ्या महायुद्धातल्या बहुतेकांचे प्रायमर क्षार सोडतात, तो क्षार हवेतलं पाणी ओढतो आणि रात्रीत नळी गंजते. एसव्हीटीच्या स्वस्त गोळ्यांचं तर हे कायमचं दुखणं. अशी गोळी झाडलीच तर त्याच दिवशी गरम पाण्याने नळी धुवायची, तेलाने क्षार जात नाही.

गडहिंग्लजकर

गरम पाण्याचं आम्हीही करायचो. लंगरातून चहाच्या पाण्याबरोबर रायफलीचं पाणी यायचं.

उत्तरध्रुव

मी हरलो असं कबूल करत नाही, पण क्लीव्हलंडला राहणाऱ्याने ६.५ ची युंगमन घेऊन सुटे भाग कुठून आणायचे याचं उत्तर माझ्याकडे नाही. एरीकाठचे, गरँडच घ्या. मात्र ६०० ला वाऱ्याचा तक्ता पहिल्या दिवसापासून लिहा. ताशी दहा मैलांचा आडवा वारा १५० ग्रेनच्या गोळीला तिथवर सुमारे तीन फूट ढकलतो.

एरीकाठचा *(सात महिन्यांनी)*

मंडळी, धागा वर आणतोय, कारण सगळ्यांचं देणं लागतो.

सीएमपीकडून सर्व्हिस ग्रेड गरँड मागवली. घरी आली तेव्हा बॉक्स उघडायला बायको, मुलगी आणि मी तिघंही बसलो होतो. नळीवर १९५३ चा शिक्का आहे, दस्त्याला एका बाजूला खोल खरवड. गेजने तोंडाची आणि आतली झीज दोन्ही क्लबातल्या जाणकाराने मोजली आणि ठीक आहे म्हणाला.

काकांचा सराव सहा नाही, पण साडेतीन महिने केला. रोज वीस मिनिटं, भिंतीवर ठिपका. नंतर क्लबातला गरँड सामना खेळलो, २०० यार्ड. पोटावर पडून सावकाश दहा, मग ऐंशी सेकंदांत दहा, मग उभं राहून दहा. ३०० पैकी २५१. उभ्याने खूप गमावले. ऐंशी सेकंदांत दोनची क्लिप आणि मग आठची भरायची असते, त्यात बोल्टने अंगठा चांगला ठेचला. नख काळं झालं ते अजून पूर्ण उतरलेलं नाही.

मागच्या रविवारी पहिल्यांदा ६००. माझ्या रायफलीला २०० वरून तेरा क्लिक वर लागले. पहिली चाचणीची गोळी डावीकडे थेट काळ्याच्या बाहेर. वाऱ्याचा झेंडा माझ्याजवळ नुसता लोंबत होता, पण लक्ष्याजवळचा ताठ फडकत होता, आणि मी जवळचाच बघत होतो. पाच क्लिक उजवीकडे दिले. वीस गोळ्यांत २०० पैकी १५८. दोन दहा, बाकी बहुतेक आठ-सात, एक पाच. प्रत्येक गोळीची वेळ, झेंडा आणि क्लिक वहीत लिहिलेत. सतरावी गोळी सुटायच्या आधीच मला कळलं होतं की ती दहा आहे, कारण माशी काळीभोर, कडा स्वच्छ दिसत होती आणि लक्ष्य नुसता राखाडी गोळा.

गडहिंग्लजकर

शाबास रे पोरा! ती सतरावी मला इथे दिसली. उभ्याचं बोलू आपण, डावा कोपर बरगडीवर टेकवतोस का? फोटो टाक.

टेक्सासी_मिरची

पहिल्या ६०० ला १५८ हे खूपच छान आहे. पाचवाली गोळी वहीत कितव्या नंबरला आहे? नवव्या-दहाव्याच्या आसपास असेल तर वाऱ्यापेक्षा श्वासाकडे बघा, तिथे बहुतेकांचा दम संपतो.

एरीकाठचा

अकरावी! काका, फोटो उद्या टाकतो. ताई, जुलैत पेरीला येताय का?

टेक्सासी_मिरची

येतेय. जास्तीच्या क्लिपा घेऊन येते, तुम्ही तुमची वही आणा.